सूर्यनारायणाच्या भरवशावर डासमुक्ती

१८ एप्रिल
कन्या यामिनी पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून माहेरी येण्याचा विचार करीत आहे. केवळ विचार, कारण जामात गंधार यांना रायपूरच्या डासांची धास्ती. विशेषतः तो पट्टेरी, परदेशातून येऊन स्थायिक झालेला, डेंगीवाहक. संकल्प: जामातांचे अज्ञाननिर्मूलन.

२० एप्रिल
तापमान ४३. अध्ययनान्ती सिद्ध: चाळिशीपलीकडील उष्म्यात हा जीव तग धरीत नाही. हवामानाचा स्क्रीनशॉट पुण्यास धाडला.

कुमुद म्हणाली, "डासाले काय उन्हात बसाची हौस आहे? तोबी आपल्यासारखाच कूलरजवळ येऊन बसते. त्याची टाकी धुवा म्हणून कवाची सांगून राहिली मी."

धर्मपत्नीस संशोधनपद्धती अवगत नाही.

२९ एप्रिल
टाकी धुणे स्थगित. जलापव्यय हे पाप. पाइपने वरून भर घालतो. आज थर्मामीटर बुडवला. बाहेर ४४, टाकीत २७! बाळंतिणीस साक्षात वरदान. सत्तावीस अंशांत अळीचा डास आठवडा-दीड आठवड्यात होतो, असे वाचनात आले. ते प्रयोगशाळेतले सत्तावीस. घरगुती निराळे.

३ मे, सकाळी
व्हिडिओ कॉल. पलीकडे गंधार, यामिनी, विहीणबाई. कूलरची जाळी काढून मोबाइल थेट टाकीवर धरला. आकडा सुस्पष्ट.

विहीणबाईंनी विचारले, "नरेंद्रराव, पाण्यात ते वळवळतंय काय?"

कूलरच्या जाळीतल्या खसाचे, म्हणजे वाळ्याचे तंतू, असे मी सांगितले.

"तंतू वर येऊन श्वास घेतायत हो."

यामिनी म्हणाली, "बाबा, प्लीज, फोन रखो." कुमुद पदर तोंडाला लावून हसत होती. गंधार मात्र सभ्य. म्हणाले, "पाहू हं, बाबा."

४ मे
'पाहू' हा होकाराचाच सुसंस्कृत प्रकार. यामिनीची खोली रंगवण्यास काढली. पिस्ता रंग.

९ मे
बाळंतपण पुण्यासच.

कुमुद डिंकाचे लाडू आणि दुपटी घेऊन रवाना. निघण्यापूर्वी टाकी तिने स्वहस्ते उपडी केली. बजावले, "कडा ब्रशनं घासा. अंडी चिकटून राह्यतेत, वाळली तरी मरत नाहीत."

या उष्म्यात अंडी! रात्री असह्य उकाडा. न घासताच टाकी भरली.

२२ जून
नात झाली! नाक माझ्यावर गेले असल्याचे कळते. फोटोत स्पष्ट नाही. प्रत्यक्ष पाहून निर्णय देईन. परवाचे तिकीट कन्फर्म. अंगात किंचित कणकण. हर्षातिरेक.

२४ जून
हर्षातिरेक १०३ अंश. रक्ततपासणी. डेंगी. तिकीट रद्द.

डॉक्टरांनी दिवसाही मच्छरदाणीतच पडून राहण्याची आज्ञा केली. आता डास चावून माझे अधिक काय बिघडणार, असे मी साधार विचारले.

ते म्हणाले, "अंकल, आपको मच्छर से नहीं, मच्छर को आपसे बचाना है."