शेवंताच्या पायरीवरचा पाऊण तास

अहो, ऐकताय न्हवं?

जिवंत होतात तेव्हाही धड ऐकत नव्हतात, तरी विचारते. चौथीनंतर मी किराणाच्या यादीपलीकडं काही लिहिलं नाही. पण आज जे झालं ते सुनेला सांगता येत नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

आज मी तुमच्या त्या सायकलीवर बसून आले!

हो, तीच. मोठ्या दवाखान्यातली, कितीही पायडल मारा, इंचभर पुढं न जाणारी. तुम्हाला तपासलेल्या त्या डॉक्टर पोरीचा फोन आला. "आजी, आजोबांसारखे हृदय दमलेले लोक तपासून झाले. आता त्याच वयाची धडधाकट माणसं हवीत, ताडून बघायला." म्हटलं, अख्ख्या कोल्हापुरात मीच बरी सापडले? सहीचे कागद सुनेकडून दोनदा वाचून घेतले. रक्त काढून विकत असले तर!

तरी गेले. का गेले? मला तुम्हाला पकडायचं होतं.

दूध आणायला जाऊन यायचं म्हणजे पंधरा मिनिटांचं काम. तुम्हाला लागायचा पाऊण तास. चढाच्या मधोमध शेवंताचं घर, आणि तुम्ही रोज तिच्या पायरीवर. नवरा नसलेली बाई, चटणी कांडून विकणारी, खिदीखिदी हसणारी! घरी यायचात तर सदऱ्याला कांदा-लसणीचा वास. विचारलं की एकच उत्तर, "पाय गळत्यात गं, बसावं लागतंय."

आजार छातीत आणि गळतात पाय? असली सबब मला पटणार होय?

मी शेवंताशी बोलणं टाकलं. तुमच्या मातीला ती आली, दारात उभी राहिली. मी तिला आत ये म्हटलं नाही. सगळ्यांनी बघितलं. ती तशीच परत गेली.

तुमची तपासणी आठवते? मांडीला पट्टी चिकटवतात, तिच्यातून लाल उजेड आत सोडतात, आणि म्हणे मांडी प्राणवायू किती खाते ते दिसतं. मी सकाळीच तुमच्या पायांना खसाखसा तेल चोळलेलं. चारचौघांत पांढरे फटफटीत पाय दिसायला नकोत म्हणून. पट्टी काही चिकटेना. पोरगी पुसून पुसून दमली. "आजोबा, तेल कुणी लावलं हो?"

"मीच लावलं की, डॉक्टर," तुम्ही म्हणालात.

माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत. आठवड्यानं पुन्हा यायला लागलं. आणि मी मनात काय म्हटलं, सांगू? हा माणूस इतक्या सहज खोटं बोलतो, तर शेवंताचं काय काय झाकत असेल!

मी तुमच्याहून दोनच वर्षांनी लहान. दळणाचा डबा डोक्यावर घेऊन तोच चढ न बसता चढते. म्हटलं, माझी मांडीही तुमच्यासारखीच निघाली तर तुमची सबब खोटी. तुमच्या तपासणीचा कागद पिशवीत घालूनच गेले.

तोंडाला मुखवटा, मांडीला पट्टी. बरं झालं तोंड झाकलेलं, मी बऱ्याच शिव्या दिल्या. थांबल्यावर पोरगी म्हणाली, "आता नुसतं बसा." पडद्यावरची प्राणवायूची रेघ खाली गेलेली. मी पदरानं कपाळ पुसलं तोवर परत वर!

मी तुमचा कागद पुढं टाकला. तुमची रेघ पडलेली, आणि वर येता येत नव्हती. मुंगी भिंत चढावी तशी.

"आजी, हृदय दमलं की मांडीला रक्त कमी पोचतं. असलेला प्राणवायू ती झटक्यात संपवते, आणि पुन्हा मिळायला वेळ लागतो. त्यांचे पाय खरोखर गळत होते."

"वरच्या टाकीला नळाचं पाणी हळूहळू चढतंय, तसं?"

"अगदी तसंच."

"मग चढावर मधीच बसाय लागंल?"

"लागणारच."

"पाऊण तास?"

पोरगी हसली. "छे हो आजी, एवढा कशाला!"

बघा! म्हणजे थोडा वेळ मांडीचा, आणि उरलेला कुणाचा?

तरी घरी येताना माझेच शब्द आठवत आले. दोन वर्षं मी तुम्हाला ढोंगी म्हटलं. सुनेसमोर म्हटलं. एकदा तुम्ही किटली ठेवून उंबऱ्यावरच बसलात, तर वरून म्हटलं, "इथं बी शेवंता दिसाय लागली काय?" तुम्ही काहीच बोलला नाहीत. का नाही बोललात? भांडायचं तरी! गप्प बसणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार?

आता ऐका. उद्या दूध आणायला मी जाणार. परत येताना पाय गळोत न गळोत, शेवंताच्या पायरीवर बसणार. त्या दिवशी दारातून परत पाठवलं, ते चुकलं, हे आधी बोलेन. मगच विचारेन, उरलेल्या वेळात काय बोलायचात ते. विचारल्याशिवाय उठणार नाही.

आणि ते तेल मीच लावलं होतं, हे डॉक्टर पोरीला आज सांगून टाकलं. तुमच्या नावावरचं एक खोटं उतरवलं. दुसरं उद्या बघते.

हौसा