तुम्ही उशिरा पोचला नव्हतात

प्रिय चामनोंग काका,

तुम्ही त्या दिवशी उशिरा पोचला नव्हतात. हे वाक्य आधी लिहून टाकतो, कारण पुढे माझा धीर सुटला आणि पत्र अर्धंच राहिलं, तरी एवढं तुमच्या हाती पडावं. उशीर झालाच नव्हता. उशीर व्हायला तिथे काही नव्हतंच.

मी थावोर्न. अकरा वर्षांपूर्वी सकाळी सहाच्या सुमाराला अम्फावाजवळच्या हमरस्त्यावरून तुम्ही ज्याला गाडीत घेतलंत, तो चकोट केलेला पोरगा. आईच्या दहनाला यासोथोनला निघालेला. तुमच्या पिकअपमध्ये मागे कोराटच्या बाजारात न्यायचे नारळ होते आणि पुढे तुमच्या शेजारी मी, पायाशी पिशवी घेऊन, चेहरा पाडून बसलेलो. चेहरा पाडायची तोवर मला चांगली सवय झाली होती.

तेव्हा मी बावीसचा होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. थायलंडच्या दक्षिण टोकाच्या सुंगाई कोलोकहून निघायचं आणि उत्तरेच्या टोकाला माए साईला पोचायचं, हात दाखवून गाड्या थांबवायच्या, बसचं एकही तिकीट काढायचं नाही, अशी मित्रांशी पैज लावली होती. या विद्येत मी स्वतःला गुरू म्हणवून घेत असे. अंगठा दाखवायचा नाही, आपल्याकडे तो कोणाला कळत नाही. तळहात जमिनीकडे करून हलवायचा. सिग्नल ओलांडून पुढे, गाडी बाजूला घेता येईल अशा सावलीत उभं राहायचं. जवळ पैसे नाहीत असं चुकूनही बोलायचं नाही, नाहीतर लोक कळवळून थेट बसस्टँडवर नेऊन सोडतात, वर तिकीट काढून देतात, आणि पैज बोंबलते. चिकट भात आणि सुकं मांस पिशवीत ठेवायचं. अंघोळ पेट्रोल पंपावर, झोप विहारात. पण विहारात ऊन उतरायच्या आत जाऊन विचारायचं. हे सगळं मी नवख्या पोरांना ऐटीत सांगायचो. एक युक्ती मात्र कोणाला सांगितली नाही, ती म्हणजे आईची.

ती सुचली चुम्फोनला. डोक्यात उवा झाल्या म्हणून तिथल्या विहारातल्या भिक्खूंनी माझा चकोट करून दिला. दुसऱ्या दिवशी एका बर्फवाल्याने आपणहून गाडी थांबवली आणि विचारलं, “कोण गेलं रे घरात?” दहनाच्या दिवशी आपल्याकडे मुलगा डोकं भादरून एक दिवस भिक्खूचं चीवर घालतो, आईबापाला तेवढंच पुण्य, माझं डोकं पाहून त्याला तसंच वाटलं असणार. मी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही, नुसती मान खाली घातली. त्याने मला त्याच्या वाटेपेक्षा दीडशे किलोमीटर पुढे नेऊन सोडलं. उतरताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला लाज वाटायला हवी होती, काका. मला वाटलं, वा, हे तर झकास जमलं! तिसऱ्या गाडीपर्यंत ‘आई गेली’ हे शब्द तोंडातून असे निघायला लागले, जसे ‘पाणी आहे का’ म्हणावं. तुमची गाडी पाचवी.

तुम्ही विचारलंत, “आग किती वाजता?” मी ठोकून दिलं, “चारला.” गाव मात्र आपलंच सांगून बसलो होतो, खोटं पटकन सुचलं नव्हतं. कोराटला सोडतो म्हणालात, आणि मला तेच हवं होतं, तिथून मी उत्तरेला सटकणार होतो. पण साराबुरी ओलांडल्यावर तुम्ही तुमच्या आईचं सांगायला लागलात. तुम्ही मासेमारीच्या बोटीवर होतात, निरोप मिळून किनाऱ्याला लागेपर्यंत राखही गार झाली होती. आग देण्याआधी गेलेल्याचं तोंड नारळाच्या पाण्याने धुवायची आपली रीत, तीही राहिली. “आईचं तोंड धुवायला घरच्या झाडाचा नारळ होता,” तुम्ही म्हणालात, “फक्त धुणारा नव्हता.” रस्त्यावरची नजर न काढता, अगदी साध्या आवाजात म्हणालात. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. कोराटच्या बाजाराचा फाटा आला आणि तुम्ही वळलाच नाहीत. मी दचकून म्हटलं, “काका, तुमचा माल!” तुम्ही म्हणालात, “नारळ काय नासतात होय? ते थांबतील. आई थांबायची नाही.”

मग मी उतरायच्या खटपटीला लागलो. मळमळतंय म्हटलं, तर तुम्ही प्लास्टिकची पिशवी पुढे केलीत. मित्र भेटणार आहे म्हटलं, तर म्हणालात, “आज मित्राबित्र काही नाही.” शेवटी भूक लागली म्हटलं. पंपावर थांबलो की मागच्या बाजूने पळून जायचा बेत होता, हे आज लिहितोय. तुम्ही स्वतः ताट आणून समोर ठेवलंत, तुळशीच्या पानांत परतलेलं मांस, भात, वर अंडं. “खाऊन घे पोरा, नंतर दिवसभर तुला कोणी विचारणार नाही.” आणि मी काय केलं? पळायचं राहिलं बाजूला, एक ताट संपवून दुसरं मागितलं. तासभर गेला. तुम्ही जेवला नाहीत. गाडीच्या मागे चढून एकेक नारळ कानाशी धरून हलवत होतात, वाजवून बघत होतात, आणि मनासारखा एक मिळाला तेव्हा तो आपल्या गळ्यातल्या पंच्याने पुसून पुढे माझ्या मांडीवर ठेवलात. “आईचं तोंड याच्याच पाण्याने धू.” तिथून आमच्या गावापर्यंत तो नारळ माझ्या मांडीवर होता. चार-साडेचार तास मी मनाशी म्हणत होतो, पुढच्या वळणावर सांगतो, पुढच्या पुलावर सांगतो. एवढे पूल आले आणि गेले.

तीन वाजता आमच्या दारात गाडी थांबली. पायरीवर पांढऱ्या कपड्यातली एक बाई शेंगा सोलत बसली होती, आठवतं? आदल्या दिवशीच्या उपोसथाला व्रत धरून, रात्रभर विहारात राहून ती नुकती आली होती, म्हणून पांढरे कपडे. तुम्हाला ते सुतकाचे वाटले. मी खाली उतरायच्या आत तुम्ही नारळ घेऊन पुढे झालात, तिला हात जोडलेत आणि म्हणालात, “ताई, पोराला आणलंय. त्याच्या आईला आग द्यायची आहे ना अजून?”

काका, ती माझी आई होती. खामपुन. जिची तुम्ही दिवसभर काळजी केलीत ती हीच.

तिने तुमच्याकडे पाहिलं, मग नारळाकडे, मग माझ्या चकोटाकडे. आई चार यत्ता शिकलेली, पण एवढ्यात सगळं समजली. मला वाटलं आता चप्पल येते. तसं झालं असतं तर किती बरं झालं असतं! ती उठली, मांडीवरच्या शेंगा झटकल्या आणि तुम्हाला म्हणाली, “मी तिची धाकटी बहीण हो, दादा. आग दोनलाच दिली. भिक्खूंना दुसऱ्या गावी जायचं होतं.” कधी कोणाशी खोटं न बोललेली माझी आई. नंतर मला म्हणाली, गावादेखत तुला मार बसला असता, म्हणून आग होऊन गेली असं सांगून त्यांना वाटेला लावायला गेले; तो माणूस असा मोडून पडेल हे मला काय ठाऊक?

तुम्ही मातीतच बसलात. “दोनला,” म्हणालात. “म्हणजे तो एक तास.” मग माझ्याकडे वळून तुम्ही हात जोडलेत. साठीचा माणूस, माझ्यापुढे. “मला माफ कर, पोरा. मीच तुला जेवायला थांबवलं.” भूक मला लागली होती, काका! दोन ताटं मी हाणली होती, आणि तो तास तुम्ही आपल्या माथी घेतलात. थोरांनी धाकट्याला आधी नमस्कार केला की धाकट्याचं आयुष्य घटतं म्हणतात. घटायचं तेवढं घटू दे. मी तेव्हाही बोललो नाही. आई पाणी आणायला गेली, तर तुम्ही तेही घेतलं नाहीत. विहाराकडे जायला आपल्याला तोंड नाही म्हणालात, नारळ तिच्या हातात ठेवलात आणि गाडी वळवून निघून गेलात.

गाडी दिसेनाशी झाल्यावर आई पायरीवर बसली. मग विचारलं, “मी कशाने मेले?” मी म्हटलं, “पोटाच्या दुखण्याने.” “फार दिवस काढले का?” मी म्हटलं, “नाही, चारच दिवस.” “बरं झालं,” ती म्हणाली. “तुला फार करावं लागलं नाही.” यापेक्षा तिने मला विळीने सोललं असतं तर चाललं असतं. मग तिने कोयता आणून नारळ फोडला आणि त्याचं पाणी ओंजळीत घेऊन स्वतःचं तोंड धुतलं, कपाळ, डोळे, गाल, सगळं नीट. म्हणाली, “माझ्यासाठी आणलाय ना त्या भल्या माणसाने? वाया कशाला घालवायचा.” मी तिच्या पायावर पडलो. तिने पाय मागे घेतले नाहीत, पण मला उठही म्हणाली नाही. माझी पैज तिथेच संपली. तेव्हापासून विहारात सगळे पंचशील म्हणतात तेव्हा आई चौथ्या शीलाला, ‘खोटं बोलणार नाही’ म्हणायच्या जागी, गप्प बसते, आणि पाचव्याला पुन्हा सुरू करते. शेजारच्या बायका हसतात, “खामपुन, झोप लागली का गं मधेच?” ती म्हणते, “हो, वय झालं.” का गप्प बसते ते फक्त मला माहीत आहे, आणि दर उपोसथाला मी तिच्या मागे बसून ते ऐकतो.

तुमचा पत्ता माहीत नव्हता म्हणून लिहिलं नाही, असं इथे लिहिणार होतो. तेही खोटं. तुमच्या गाडीच्या दारावर नारळांच्या वाडीचं नाव आणि फोन नंबर रंगवलेला होता, आणि तो मला आजही तोंडपाठ आहे. तीनदा फोन लावला. दोनदा तुम्ही ‘हॅलो’ म्हणालात आणि मी ठेवून दिला. पुढे मीच एक जुनी पिकअप घेतली, यासोथोनहून कलिंगडं वाहतो, रस्त्यात जो हात दाखवेल त्याला घेतो. त्याने मन हलकं होईल असं वाटलं होतं. होत नाही.

गेल्या आठवड्यात दोन मुली मिळाल्या, विद्यापीठातल्या, पाठीवर पिशव्या, अशाच हात दाखवत फिरणाऱ्या. ऊन फार होतं म्हणून घरी आणलं, आईने पानं वाढली. जेवताना त्या हसत हसत सांगायला लागल्या: अम्फावाचा एक नारळवाला आजोबा आहे, एकदम वल्ली! कोणालाही कुठवरही नेतो, पण गाडी जेवायला म्हणून थांबवत नाही. भाताच्या पुड्या चालत्या गाडीतच हातात देतो, आणि तुम्हाला पोचवल्याशिवाय स्वतः घास खात नाही. का, विचारलं तर म्हणतो, एका पोराला त्याच्या आईच्या आगीला मी तासभर उशिरा नेलं, जेवणापायी. मुली हसत होत्या. आईने हातातला घास परत पानात ठेवला. त्या गेल्यावर मला म्हणाली, “अकरा वर्षं तो माणूस उपाशी गाडी चालवतोय, आणि आपण इथे कलिंगडं खातोय. कागद आण.” म्हणून हे पत्र. आणि हे पोचेपर्यंत आम्हीही निघालेले असू. मी म्हटलं, आपल्या गाडीने जाऊ; नको म्हणाली. बसने जाऊ, नको. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे धरलेले, ती रस्त्याच्या कडेला उभी राहून हात दाखवत येणार आहे. जो कोणी गाडी थांबवून विचारेल, आजी, कुठे निघालात, त्याला उत्तर तिने द्यायचं नाही, मी द्यायचं, अशी तिची अट आहे: ही माझी आई, मी हिला गाडीभाड्यासाठी मारलं होतं, ज्याला फसवलं त्याला ही जिवंत आहे हे दाखवायला नेतोय. प्रत्येक गाडीत, पहिल्यापासून. एखादा उतरवून देईल, एखादा थुंकेल. देऊ दे. तेव्हा काका, तुमच्या वाडीच्या दारात कुठल्याशा ट्रकमधून पांढऱ्या कपड्यातली म्हातारी उतरली, तर तिला मावशी समजू नका. तिला नीट बघून घ्या, हात लावून बघा. मला बोलायचं ते नंतर बोला, मारायचं तर मारा. आधी तिच्याबरोबर जेवायला बसा.

तुमच्या गाडीत खोटं बोलून बसलेला, तरीही तुमचाच,
थावोर्न