कणगीचे वेल मी छाटले

प्रिय काकी,

तू होतीस तेव्हा धारवाडहून महिना महिना पत्र टाकत नव्हते. टाकलंच तर काकांना तीन-तीनदा वाचायला लावायचीस म्हणे. आता तुला जाऊन सहा महिने झाल्यावर मला पत्राचा उमाळा आलाय. वरातीमागून घोडं, दुसरं काय! पण काल इथल्या लायब्ररीत एक लेख वाचला आणि आज हे लिहायला बसले. हे सांगायचं तरी कुणाला? तुझ्यामाझ्याशिवाय ही गोष्ट कुणाला माहीतच नाही.

आपल्या परसातले कणगीचे कंद. लग्नात माहेराहून, नंदिगड्ड्याहून, पदरात बांधून आणलेलं बी तुझं. वर काटेरी वेल आणि खाली मुठीएवढे गड्डे. उकडले की अख्खं रामनगर वास घेत यायचं. तू सोलून माझ्याच ताटात पहिला टाकायचीस, काकांच्याही आधी.

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. गणेश चवथीच्या सुट्टीत घरी आले ती शहाणी होऊनच. वेल मांडवावर नुसता माजला होता. मी म्हटलं, काकी, सगळी ताकद पानंच खातायत. छाटलं की ती खाली गड्ड्यात जाईल.

तू म्हणालीस, "पान ऱ्हाऊंदे गे सुमे. वरचं पान खाली सांगतंय, तवा गड्डा भरतोय."

"पानाला तोंड असतंय व्हय काकी?"

"न्हाई गे. तोंड तेवढं तुलाच हाय!"

दोघी हसलो. दुसऱ्या दिवशी तू भांगलायला शेतावर गेलीस आणि मी कोयता घेतला. एकूण एक वेल छाटला. सायन्सवाली म्हणवून घेत होते, पण निम्मे वेल तुलनेला ठेवावेत एवढीही अक्कल झाली नाही!

तू आलीस. मांडवाकडे बघत उभी राहिलीस. मग पानं गोळा करून गुरांपुढे टाकलीस आणि मला विचारलंस, "काटा लागला न्हाई न्हवं हाताला?"

एवढंच. काकी, त्या दिवशी एक थोबाडीत द्यायची होतीस. मी सुटले असते.

संक्रांतीला खणलं तर बोटाएवढ्या मुळ्या निघाल्या. बियाला म्हणून राखेत ठेवल्यास, त्याही सुकून गेल्या. म्हणजे तुझ्या आईच्या घरचं बी आपल्या घरातून संपलं. मी त्या रात्रीच्या गाडीनं होस्टेलवर परतले, परीक्षा होती ना मला!

मी मूर्खासारखी म्हटलंही होतं, तुझ्या धाकट्या बहिणीकडून, नंदिगड्ड्याच्या शेवंता मावशीकडून आण की परत. तिचं बी गेलं तेव्हा तूच तर तिला दिलं होतंस. कणगीचं बी कधी विकत नाहीत, एकमेकींना देतात, आणि एकीचं गेलं तर दुसरीनं परत द्यायचं, ही तुमची रीत. तू म्हणायचीस, "बगू म्होरल्या वर्षी." ते पुढलं वर्ष कधी आलंच नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, हिच्या हाताला बी टिकत नाही. ज्या हातानं निम्म्या गावाला बी दिलं, त्या हाताला! मीही ते ऐकलं होतं. ऐकून गप्प बसले होते.

तुझ्या बाराव्याला मावशी माझ्याजवळ बसून रडली. "किती डाव म्हटलं आक्काला, बी ने. नकोच म्हनायची. आमच्यात बी देताना इचारायचं अस्तंय, कशानं गेलं? खरं सांगितल्याबिगार बी लागत न्हाई. इचारलं की नुसती गप बसायची बग."

रानडुकरानं खाल्लं म्हणून सांगितलं असतंस तर? पण बियाच्या बाबतीत तू खोटं बोलणार नाहीस आणि खरं बोलायचं तर माझं नाव घ्यावं लागणार. म्हणून कणगीवाचून राहिलीस. इतकी वर्षं! शेवटच्या दुखण्यात तोंडाला चव नाही म्हणालीस तेव्हा मी बेळगावहून सफरचंदं आणली. सफरचंदं! तुला काय खावंसं वाटत होतं, ते आता विचारायला कुणी नाही.

आणि कालचा लेख. पान आपल्या अंगातल्या चरबीपासून एक आम्ल बनवतं, अगदी कणभर. त्याचाच पुढचा अवतार वेलातून खाली उतरतो आणि मुळांकडे निरोप पोचतो की आता फुगा. बटाट्यात दिसलं, आणि तुझ्या कणगीच्या जातीच्या कंदातही तसंच असावं म्हणतात. तो निरोप पोचायच्या आधीच मी पानं उतरवली होती. मोठाले शास्त्रज्ञ आत्ता कुठे म्हणतायत ते तू बोलता बोलता सांगितलं होतंस, आणि मी तोंडाचा विनोद केला होता. लेख पुरा वाचवला नाही. मासिक मिटून बाहेर व्हरांड्यात येऊन बसले.

पण काकी, तुझंही चुकलंच. मला वाचवायला निघालीस आणि त्यात तुझ्या माहेराची चव गेली, वर बोलणीही तूच खाल्लीस. एवढी कोण मी? जावेची पोर!

बी लावायला अजून महिना आहे. या रविवारी जोयड्याची बस धरून नंदिगड्ड्याला जाते. मावशीच्या दारात पदर पसरते. ती विचारील, "कशानं गेलं?" तेव्हा इतर बायकांच्या देखत, मोठ्यानं सांगीन, "आक्काचा हात वाईट न्हवता मावशी. वेल मी छाटले."

मग ती बी देईल की नाही, तिची मर्जी. दिलंच तर परसात तुझ्याच आळ्यांत लावीन आणि एका पानाला हात लावणार नाही.

तुझीच तोंडाळ,
सुमी