फेफऱ्यानं दिलेला होकार

सोनई,
ता. ८ नोव्हेंबर १९७१

बेलापूरचे आमचे थोरले व्याही राजश्री रंगनाथराव यांना सोनईच्या मच्छिंद्रचा (वयानं थोरला असलो तरी मुलीचा बाप, म्हणून व्याह्यांत धाकटा) शिरसाष्टांग दंडवत. 'इकडील सर्व क्षेम' असं लिहायची रीत आहे, पण खोट्यासाठी शाई कशाला वाया घालवू? इकडे माझं डोकं सोडून बाकी क्षेम आहे. तुमच्या गुडघ्याचं काय? विहीणबाईंचा खोकला हटला का? आमची छबू आणि नातवंडं खुशालच असणार, नसती तर एव्हाना तिचं चार पानी पत्र येऊन थडकलं असतं. आता जरा बसून घ्या, कारण पुढचं उभ्यानं वाचण्यासारखं नाही.

गेली दहा वर्षं मला एक झटका येतो. अंग आपटणं, तोंडाला फेस, असलं काही नाही (तुमच्यादेखत दोनदा येऊन गेला आणि तुम्ही मला विचारी माणूस समजलात). आधी नाकात करपलेल्या काकवीचा वास येतो. मग म्हणे मी एकटक बघत राहतो, सुपारी चघळल्यासारखं तोंड हलवतो, आणि समोरचा काहीही बोलला की 'व्हय व्हय, करून टाका' म्हणतो. दोन मिनिटांत परत येतो, मधलं काही आठवत नाही. गावाला याचं नाव ठाऊक नव्हतं, पण उपयोग चांगला ठाऊक होता. सोसायटीच्या निवडणुकीत मी एकाच दिवशी दोन्ही पॅनेलचा सूचक झालो. भजनी मंडळाला सरावासाठी माझी इंजिनदुरुस्तीची शेड देऊन बसलो (त्यांचा पखवाज आणि माझी हातोडी, ताल कोण धरतंय याचा निकाल अजून लागलेला नाही). आणि आमचे शेजारी आबासाहेब, मला हे नुकतंच कळलं, माझं तोंड कधी हलायला लागतंय याची वाट बघत तासन्‌तास ओट्यावर बसून असायचे. मी समजत होतो, माणूस प्रेमळ आहे.

तुम्हाला माहीतच आहे, मी पंक्चर काढत काढत ऑइल इंजिनापर्यंत पोचलेला गडी. बांधावर उभा राहून तिसऱ्या वावरातल्या इंजिनाचा नुसता आवाज ऐकून नोझल गेलंय की व्हॉल्व्ह, ते सांगतो. पण गेल्या सालच्या आषाढात, चालू इंजिनाच्या पट्ट्याशी उभा असताना काकवी करपली. गोरक्षनं (माझा मिस्त्री, वीस वर्षं माझ्या शिव्या खाऊन तयार झालेला) झडप घालून मला मागं ओढलं, म्हणून हे पत्र उजव्या हातानं लिहितोय. तेव्हापासून मला माझ्याच शेडमध्ये बंदी आहे. बाहेर खाटेवर बसून इंजिनं ऐकायची, चूक कुठं आहे ते कळायचं आणि हात लावायचा नाही! रंगनाथराव, यापेक्षा बहिरेपण बरं. त्यात नगरच्या डॉक्टरनं याला फेफरं असं नाव दिलं आणि नाव कळताच सगळं गाव कांदे नि चपला घेऊन माझ्या नाकाकडे धावू लागलं. आज सोनईतली कुठली चप्पल कुणाची, ते मी डोळे मिटून सांगेन. वर्षभर गोळ्या खाल्ल्या. त्यांनी झोप आणली, झटका नेला नाही.

शेवटी गोरक्षला घेऊन मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोक्याला तारा चिकटवून कागदावर रेघा काढल्या. त्या बघूनच मी म्हटलं, एक सिलिंडर मिस मारतोय. डॉक्टर म्हणाले, बरोबर, उजव्या कानामागचा. तेवढा तुकडा ऑपरेशननं काढायचा. दाराबाहेर दोन शिकाऊ डॉक्टर कुजबुजत होते (माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत) की ही ऑपरेशनं विशी-तिशीतल्यांची करतात, या म्हाताऱ्याला कशाला टेबलावर घ्यायचा? मोठ्या डॉक्टरांनीही लपवलं नाही. एकसष्टाव्या वर्षी धोका जास्त, आठवण थोडी मागंपुढं होईल, झटके जातीलच असा शब्द देत नाही, पण बाकीचं यंत्र ठणठणीत आहे. मग त्यांनी विचारलं, करायचं ना? मी म्हणालो, व्हय व्हय, करून टाका. ते लिहायला वाकले तोच गोरक्ष ओरडला, "थांबा सायब! ह्ये मालक न्हाई बोलले, ह्ये त्यांचं फेफरं बोललं!" डॉक्टरांनी पेन टाकून घड्याळ धरलं (हे सगळं मागाहून गोरक्षनंच सांगितलं). म्हणे आजवर पेशंटची संमती घेतली, रोगानंच उठून संमती दिलेली पहिल्यांदा पाहिली. शुद्धीवर आल्यावर पुन्हा विचारलं, तेव्हा मी म्हणालो, घरी विचारून सांगतो. "आता तुम्ही बोललात," असं म्हणून त्यांनी एक कागद दिला. त्यावर माझी आणि घरच्यांची सही करून येत्या सोमवारी हजर व्हायचं.

माझी सही झाली. अडलंय ते घरात. छबूच्या आईनं, गोजरबाईनं, कागद देव्हाऱ्यामागं सरकवलाय. मी समजावलं, अगं, बरंचसं काम जागेपणीच करतात, डोकं उघडं ठेवून माणसाशी बोलत बोलत. तर म्हणते, "चाळीस वर्सं मी बोलतीय, तवा कदी उघडलं न्हाई. आन तिथं उघडनार व्हय!" मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आन मला वळखलंच न्हाई तर?" मी म्हटलं, नव्यानं बघायला येईन, पोहे करून ठेव. त्यावर चुलीजवळचा चिमटा उडत आला. (चुकवला.) पण खरं कारण मी भिंतीपलीकडून ऐकलं. शेजारच्या झुंबरबाईला सांगत होती, "ह्यांनी शुद्धीत मला कदी व्हय म्हटलंय का? झटका गेला तर माजं कोन ऐकनार?" म्हणजे भिंतीतलं कपाट, धूर न होणारी चूल, तिच्या माहेरची सहा माणसं दिवाळीला पंधरा दिवस, हे सगळं काकवीच्या वासात मंजूर झालेलं!

असो. आपल्या माणसाला कळावं म्हणून लिहिलं. मी मजेत आहे, भीती म्हणाल तर कणभर नाही. काळजी करू नये. लहानांना आशीर्वाद, विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
मच्छिंद्र

ता. क. : काळजी करू नये, हे विहीणबाईंना वाचून दाखवण्यापुरतं. तुम्ही शनिवारी या आणि गोजरबाईची समजूत काढा. मुलीच्या सासऱ्यापुढं तिला डोक्यावर पदर घेऊन बसावं लागतं, आणि पदर घेतला की ती निदान मधे तोडत नाही. आता लपवून तरी काय करू? तुम्ही छबूला मागणी घालायला आलात आणि मी एका दमात होकार दिला, तो मी नव्हतो. मी आठवडाभराची मुदत मागणार होतो, तुमच्या चिरंजीवांची चालच मला पसंत नव्हती. पण फेफऱ्यानं माझ्यापेक्षा शहाणपणानं जावई निवडला, हे मान्य करायला हवं.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितोय. आत्ताच गोजरबाईनं कागद काढून सही केली. (तिला सही येते! कधी शिकली, ते विचारायचं धाडस झालं नाही.) अट एवढीच की दवाखान्यात ती माझ्याबरोबर राहणार. मी व्हय म्हणालो. तिनं माझं तोंड हलतंय का ते नीट न्याहाळलं आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा व्हय म्हणालो. म्हणजे आता मला अडवणारं घरात कुणी उरलं नाही, सोमवारी जायचंच आहे. तरी शनिवारचं येणं रद्द करू नका, रंगनाथराव. समजूत माझी काढायची आहे.