सतरा सीटांचं घर

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो प्रत्यक्षात आता जमत नाही, पत्रात मात्र अजून वाकता येतं.) भावोजींची कंबर कशी आहे? तुझ्या चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला असं ऐकलं, म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढतो आहे. पाकीट जाड लागलं तरी घाबरू नकोस, मजकूर तेवढा नाही. मी ठीक. तुझी भावजयही ठीक, फक्त माझ्याशी बोलत नाही, पण तो काही तब्येतीचा प्रश्न नव्हे.

निवृत्त झाल्यावर मी एक बस घेतली, हे तुझ्या कानावर आलं असेलच. आपल्या नातेवाइकांत चांगली बातमी पोचायला महिना लागतो आणि असली दुसऱ्या दिवशी पोचते. सतरा सीटांची लहान बस. एका कारखान्याच्या कामगारांची ने-आण करून थकलेली. पाणीपुरवठा खात्यात मी तेहतीस वर्षं खिडकीमागे बसून तक्रारी लिहून घेतल्या. (त्यातल्या बऱ्याचशा खऱ्या होत्या, हे आता सांगायला हरकत नाही.) तेव्हाच ठरवलं होतं की सुटल्यावर आम्ही दोघांनी चाकांवरच्या घरात राहायचं, आणि कुणी तक्रार घेऊन आलं की घरच पुढे न्यायचं. मागे पलंग, मध्ये ओटा, एक टेबल, छताला हवेसाठी झरोका. भावजयीला नकाशा दाखवला तेव्हा तिने एवढंच विचारलं, "यात भांडलो तर कुठे जायचं?" हा प्रश्न मी तेव्हा विनोद म्हणून घेतला.

आधी सीटा काढायला घेतल्या. सोळा निघाल्या. नऊ नंबरची निघाली नाही. तिचे नट गंजून जमिनीशी एकजीव झाले होते. पाने झाले, रॉकेल झालं, शेवटी गॅरेजवाल्याने ग्राइंडर लावला, तर ठिणग्यांनी खालची रबरी चटई पेटली आणि आम्ही दोघं खिडकीतून बाहेर आलो. (दार उघडं होतं. ते नंतर लक्षात आलं.) तेव्हा ती सीट ओट्यासमोर तशीच राहिली. मी सगळ्यांना सांगतो, स्वयंपाक करणाऱ्याला टेकायला मुद्दाम ठेवली आहे.

मग वेल्डर आला. त्याला झरोक्याचा नकाशा दिला. तो मी आत उभं राहून, वर बघत काढलेला, आणि तो वेल्डर टपावर चढून, खाली बघत वाचत होता. त्यामुळे डावीकडचं भोक उजवीकडे पडलं, नेमकं पलंगाच्या उशाशी. मी खालून ओरडलो, तेव्हा त्याने शांतपणे दुसरं बरोबर जागी पाडून दिलं. चुकलेल्या भोकावर पत्रा ठोकून भोवती डांबर भरलं आहे. पाऊस आला की तिथून ठिबकतं. वेल्डर म्हणतो, सगळ्या गाड्या थोड्या ठिबकतात. असेलही, आपण काही सगळ्या गाड्यांत झोपलेलो नाही.

पण खरा दगा दिला तो सुताराने, आणि तोही प्रामाणिकपणे काम करून. माणूस जन्मभर घरांतली कपाटं करत आलेला. पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आल्याशिवाय खिळा मारायचा नाही, हा त्याचा बाणा. पलंग, ओटा, टेबल, फळ्या, सगळं त्याने तीन महिने खपून अगदी पाण्यासारखं सपाट केलं. मी त्याला भावासारखा चहा पाजला. आता ताई, आमच्या घरामागची जागा तू पाहिली आहेस. ती उतरती आहे. बस तिथे नाक खाली करून उभी होती. सुताराने सगळं जमिनीला नाही, बसला नाही, तर थेट पृथ्वीला धरून सरळ केलं. म्हणजे आमची बस घरामागच्या उतारावर सरळ आहे, आणि उरलेल्या जगात वाकडी.

हे कळलं पहिल्याच सफरीत. तळ्याकाठी छान सपाट मैदान बघून गाडी लावली. ओट्यावर ठेवलेलं दुधाचं पातेलं स्वतःहून निघालं आणि मागच्या बाजूने खाली उतरलं. दुपारी जेवून आडवे झालो तर मी घसरत जाऊन भावजयीला मागच्या काचेला चेपलं. लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर इतक्या जवळ येण्याची दोघांनाही सवय राहिलेली नाही. तिने मला दोनदा ढकललं, दोनदा मी परत आलो. तिसऱ्यांदा ती उठली, चपला घातल्या आणि हमरस्त्यावर जाऊन दुसऱ्या बसने घरी गेली. तिच्यात म्हणे बसायला जागाही मिळाली. तेव्हापासून बोलणं कमी झालं. सुताराला बोलावलं तर त्याने पाणसळ लावून दाखवली आणि म्हणाला, "माझं काम बरोबर आहे साहेब. तुमची जमीन तपासा."

अशी ती बस घरामागे परत येऊन उभी राहिली. दरम्यान चिरंजीवाची तिकडची नोकरी गेली आणि तो बायको आणि जुळ्यांसकट घरी आला. घर भरलं. आणि ताई, याच सुमारास आई बसमध्ये राहायला लागली.

हो, आपली आई. वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी. पलंगावर झोपते, नऊ नंबरच्या सीटवर बसून ओट्यावर आपला चहा करते. दाराला तिने आतून कडी लावून घेतली आहे, सुताराकडूनच. वाजवल्याशिवाय उघडत नाही. मी वाजवतो, ती "कोण?" विचारते, मी "मी" म्हणतो, मग ती थोडा वेळ घेते. तिचा हट्टीपणा तुला माहीत आहेच, तो तू आणि मी वाटून घेतलेला आहे. पाऊस आला की उशाशी वाटी ठेवते. मी म्हटलं डांबर पुन्हा भरतो, तर म्हणाली राहू दे, आवाजाची सोबत होते.

गेल्या आठवड्यात परिवहन कार्यालयाचे निरीक्षक आले. कागदोपत्री बस अजून प्रवासी गाडी आहे, ती घराची गाडी म्हणून नोंदायची होती. गृहस्थ सज्जन, हातात टेप आणि फॉर्म. दार वाजवलं. आतून "कोण?" त्यांनी नाव, हुद्दा, कार्यालय सगळं सांगितलं. आईने उघडलं, त्यांना टेबलाशी बसवलं आणि चहा टाकला. ते म्हणाले, "आजी, जरा खाली उतरता का? गाडी वजनाला न्यायची आहे."

"मला धरूनच करा," आई म्हणाली. "मी काही फार नाही."

त्यांनी चहा संपवला, मापं घेतली आणि निघताना माझ्याकडे जरा बघत राहिले. मग शेरा लिहिला, तो जसाच्या तसा देतो: 'वाहनात एक वृद्ध महिला कायम वास्तव्यास आढळली. वाहन हलवण्याचा उद्देश दिसत नाही. अर्ज नामंजूर.' तेहतीस वर्षं मी लोकांना असे शेरे लिहून दिले. स्वतःला मिळाला तो पहिलाच, आणि खोडायला त्यात एक शब्द सापडला नाही.

तर असं आहे. बाकी सगळे ठीक. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. थंडी सुरू होते आहे आणि पत्रा फार गार पडतो. तुझी मागची खोली हल्ली रिकामी असते असं भावोजी मागे फोनवर म्हणाले होते. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करण्याआधी हे पत्र आईला वाचून दाखवलं. पातेल्याला ती हसली. सुताराला तर फारच हसली. मग म्हणाली, "सगळं लिहिलंस. मी चढले कशी, तेवढं राहिलं." तेव्हा तेही लिहितो. ती आपण होऊन चढली नाही. चिरंजीवाला खोली हवी होती. घरात खोल्या दोन, आणि आईची मोठी. हे बोलायचं कुणी, यावर आम्ही तीन दिवस एकमेकांकडे बघितलं. मग मीच तिची पिशवी उचलली आणि म्हणालो, "आई, दोन आठवडे." पायरी उंच होती, मी हात दिला. त्याला पाच महिने झाले. भावजय माझ्याशी बोलत नाही ती तळ्यावरच्या प्रकारामुळे नव्हे. तिने त्या दिवशी मला, तू हे करू नकोस, असं सांगितलं होतं, तेही सगळ्यांसमोर. एकटीनेच.

ता. क. तिसरा. तू येऊन तिला घेऊन जा, असं मी लिहिणार होतो. आई म्हणते, ताईलाही पिशवी उचलायला लावू नकोस, मला कुणाकडे जायचं असलं तर मी स्वतः विचारीन. मग ताईला तुझ्याकडून काय लिहू, असं मी आईला विचारलं. तर म्हणाली, "लिही, आई मजेत आहे."

ते मी लिहीत नाही. तू ये.