दक्षिणेकडचा डोंगर

आई, तुला वाचता येत नव्हतं आणि मी आयुष्यभर बोलतच आलो, त्यामुळं आपल्या दोघांत पत्राचा प्रसंग कधी आलाच नाही. आज लिहितो आहे, कारण ही एक गोष्ट मला कुठल्याही व्यासपीठावरून बोलता आलेली नाही.

गुऱ्हाळावरची तू आठवतेस. डोक्यावर उसाच्या चिपाडांचा भारा, रस आटवायच्या चुलवाणाच्या धुरानं लाल झालेले डोळे. काम धरण्याआधी तू जोतिबाच्या डोंगराकडं बघून हात जोडायचीस. लांबूनच. देवळाच्या पायरीच्या अलीकडं थांबायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या तुझ्या हाडात मुरवलेलं होतं. मग आपण धम्म घेतला. देव्हाऱ्यातले टाक मी माझ्या हातानं पंचगंगेत सोडले आणि त्यावर गावोगाव भाषणं केली. ते बरोबर होतं, आजही बरोबरच आहे. पण दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळावर तुझे हात सवयीनं वर गेले, अर्ध्यावर थांबले, आणि तू उगाच पदर सारखा केलास. पुढं रोज तेच. एकदा भाकरी थापता थापता तू विचारलंस, "आपला डोंगर कुठला रं?" मी म्हणालो, बुद्धाला डोंगर लागत नाही. "त्येला न्हाय लागत. मला लागतोय. सकाळी कुणाकडं बघून भारा उचलू, त्ये सांग की!"

तुझा खोकला तेव्हा वाढत चालला होता. मी ग्रंथालयात बसून शोधलं. जुन्या बौद्ध ग्रंथांत पोतलक नावाचा डोंगर आहे. दुःखितांचा आक्रोश ऐकणारा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर तिथं राहतो. एका चिनी यात्रेकरूनं तो डोंगर दक्षिणेत, समुद्राच्या बाजूला सांगितला आहे, आणि अभ्यासक म्हणतात, आपला सह्याद्री जिथं संपत येतो तिथला पोथिगई तोच असावा. असल्या बोधिसत्त्वांवर माझा विश्वास नव्हता. तरी तुला सांगितलं. तू चुलीतलं लाकूड मागं ओढलंस. "ऐकतो म्हंतोस? मग माझा खोकला ऐकला असंल की." आणि मग, "कुठल्या अंगाला?" दक्षिणेला, म्हणालो. "कागलच्या वाटंला? अरं लेका, त्ये यमाचं अंग."

तरी दुसऱ्या दिवसापासून तू दक्षिणेला तोंड करून हात जोडलेस, आणि हात अर्ध्यावर थांबले नाहीत. गुऱ्हाळाचा मालक हसला, "म्हातारे, कागलला सोयरीक जमवलीस काय?" "व्हय, तुमालाबी बलावते की," तू म्हणालीस. बायका मात्र हसल्या नाहीत. त्या तुझ्यापासून सरकून उभ्या राहायला लागल्या. त्याच हंगामात, चुलवाण पेटलेलं असताना, तू भाऱ्यासकट खाली बसलीस ती उठलीच नाहीस. तुझ्या तोंडावरून पाणी फिरवताना एक बाई दुसरीला म्हणाली, "यमाला रोज हाक मारली, आला." मी तिथंच भडकलो. धुरानं मारलं माझ्या आईला, दिशेनं नाही, असं ओरडलो. पुढं ते वाक्य माझ्या भाषणात कायमचं बसलं. लोक अजून त्यासाठी येतात. पण त्या बाईचं वाक्यही माझ्या डोक्यातून जात नाही. दिशा तुला मीच दाखवली होती.

म्हणून गेल्या वर्षी, २०१२ साली, तो डोंगर बघून आलो. रात्रभर एसटी, मग रेल्वे, मग पुन्हा बस. पायथ्याशी ढग इतके खाली, की माथा दिसेना. आज तिथं बोधिसत्त्वाला कुणी ओळखत नाही, माथ्यावर एका ऋषीची पूजा होते. चहावाल्यानं मोडक्या हिंदीत विचारलं, एकटेच आलात? मी म्हणालो, आईला आणायचं होतं. तो मान हलवत म्हणाला, बरं झालं नाही आणलं. बायकांना वर जायला बंदी आहे. मी ग्लास फळीवर ठेवला. ज्याच्याकडं बघून तू शेवटचे भारे उचललेस, त्यानंही तुला पायथ्यालाच उभं केलं असतं.

मी वर गेलो नाही. जिथं माझ्या आईला वाट नाही, तिथं माझं पाऊल पडणार नाही, हे मी आता प्रत्येक सभेत सांगतो. टाळ्या पडतात. खरंच आहे ते. एवढंच सांगत नाही की, चहावाला आत गेल्यावर त्या ढगाकडं बघून माझे हात वर गेले. लांबूनच. मी ते अर्ध्यावर थांबवायला बघितलं, पण सारखा करायला माझ्यापाशी पदर नव्हता.