बघणाऱ्याचा वाटा

२४ एप्रिल

आजही आबांनी अर्धीच भाकरी खाल्ली. "भूक नाय गो." विमानातून उतरल्यापासून हेच पालुपद! आई गेल्यावर गावच्या घरात एकटे पडले म्हणून बापाला इथं मस्कतला आणलं, ते काय उपाशी ठेवायला? व्हिसा संपायच्या आत त्यांचं मन इथं रमलं पाहिजे. मग धनंजयशी बोलून मुदत वाढवून घेऊ. मला त्यांना परत पाठवायचंच नाहीये.

खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा गरज मला जास्त आहे. नवरा धनंजय तिकडे लांब दुक्मच्या साइटवर — महिन्यातून दोनदा येणार नि झोपणार. लेक रेवा शाळेतून आली की कानात इअरफोन. मराठीत विचारावं, इंग्लिशमध्ये उत्तर. मस्कतच्या ह्या अझैबा भागात इतकी वर्षं काढली, पण समोरच्या दारात कोण राहतं ते मला माहीत नाही. आबा आल्यापासून निदान घरात दिवसभर कोणीतरी खोकतं.

२७ एप्रिल

आबा आज आपणहून बोलले. "हितं ससे गावतात काय?"

मग काय, गाडी सुटली. सशाचं जाळं — वाघूर — कुठल्या बांधावर लावायचं, कुत्र्यांनी कुठून हाकायचं, ससा डोंगराकडे का पळतो. बाळा, गणू, तुका, गावची सगळी शिकारी टोळी जणू घरात येऊन बसली. आईच्या वाटणाबद्दल बोलताना मात्र खिडकीतून पार्किंगकडे बघत राहिले.

रानातला ससा मारायला इथं बंदी आहे. पण सुपरमार्केटात फ्रीजरमध्ये मिळतो, मी पाहिलाय.

२८ एप्रिल

फजिती!

आईसारखंच केलं. खोबरं-कांदा काळा होईस्तोवर भाजला, धणे, लवंग, सगळं. रानातला ससा चिवट, आई त्याला दुपारभर चुलीवर रटरटत ठेवायची. मीही ठेवला. झाकण काढलं तर मांस गायब — रश्शात नुसती हाडं तरंगतायत. पाळीव ससा तो, जन्मात कधी पळालेला नाही, कसला चिवट असणार? मला मेलीला हे सुचलं नाही.

रेवा म्हणाली, "Mamma, you cooked a bunny?" आणि ताट सोडून उठली.

आबांनी चमच्यानं रस्सा ढवळला. "शिले, हा ससा कसला, कोंबडीचा भाचा." आणि हसले. इथं आल्यापासून पहिल्यांदा हसले. मग मीही हसले, पण भांडी घासताना रडू आलं. का ते सांगता येत नाही.

२ मे, शुक्रवार

आज लिहायला खूप आहे.

शहराबाहेर बरक्याला एका शेतावर जिवंत ससे विकतात असं कळलं. आबांना घेऊन गेले. रेवालाही ओढत नेलं. शेतवाला म्हातारा ओमानी. त्याला मराठी नाही, आबांना अरबी नाही. दोघं पिंजऱ्यापाशी उकिडवे बसून सशांच्या पाठी चाचपत होते, मान हलवत होते. मला कोणी विचारलंच नाही. दोन ससे ठरले. म्हाताऱ्यानं बिस्मिल्ला करून कापले, सोलून दिले. रेवा गाडीतच बसून राहिली.

घरी आल्यावर मी पातेलं घेतलं तर आबा ओरडले, "थांब! आधी वाटे!"

विसरलेच होते. शिकार अशी थेट चुलीवर चढत नाही. ज्यानं ज्यानं ती घरी येताना बघितली, त्याचा त्याचा वाटा. वाटेत भेटलेल्या पोस्टमनचासुद्धा. आबांनी विचारलं, "कुणी कुणी बघितली?" म्हटलं, आबा, ही मस्कतातली बिल्डिंग आहे. ते ऐकेनात. मग आठवलं — वॉचमन उस्माननं पिशवी उचलून दिली, आणि लिफ्टमध्ये समोरच्या दारातली बाई होती.

केळीची पानं नव्हती, फॉइल पसरलं. आबांनी हातानं सारखे ढीग लावले. मग रेवाला म्हणाले, "तू पाठ फिरव." ते ढिगावर बोट ठेवणार, तिनं न बघता नाव घ्यायचं, म्हणजे कोणी म्हणायला नको की चांगला तुकडा आपल्याला ठेवला. रेवानं इअरफोन काढले!

"ह्यो कुनाचा?" "वॉचमन अंकलचा." "ह्यो?" "समोरच्या आंटीचा." "नि ह्यो?" "आबा, तुमचा."

मुंडी त्यांनी बाजूला ठेवली होती. ती शिकार आणणाऱ्याची. गावी बायकांना वाटा नसतो, आम्ही रांधायचं नि उरेल ते खायचं. आबा म्हणाले, "गाडी कुनी चालवली? मुंडी शिलेची."

वाटा द्यायला समोरची बेल मी वाजवली. रहिमाबाजी, हैदराबादच्या. त्यांनी आत बसवलं, चहा पाजला. माणूस इतका गोड असू शकतो हे मी विसरले होते. आबांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. पूर्ण!

९ मे

धनंजयचा फोन. मी लाटत होते म्हणून स्पीकरवर ठेवलेला. व्हिसा वाढवायचं म्हटलं तर म्हणाला, "अगं, मी येतो दोन दिवस, त्यात घरात मोकळेपणा नको का? बघू नंतर." वाईट माणूस नाही तो. थकलेला आहे.

आबा हॉलमध्ये टीव्ही बघत होते.

१४ मे

आबा जायचं म्हणतात. मी भांडले, चक्क भांडले. ससा आणू, परत बरक्याला जाऊ, काय कमी आहे इथं?

"कमी काय नाय गो. पन तिकडं माझा वाटा काढतात अजून. मी रानात जात नाय तरी पडवीत आणून देतात. मी नसलो तर तो कुनाला देतील?"

माणसाला जिथं वाट्यात धरतात तिथं त्यानं जावं. मला कोण धरतं, ते मी विचारलं नाही.

२३ मे

सोडून आले. रेवा विमानतळावर त्यांना मराठीत म्हणाली, "परत या हां." घर गप्प आहे.

४ जून

गावाहून चुलतभाऊ लोकेशचा फोन. सहज विचारलं, आबांना सशाचा वाटा मिळतो ना रे वेळेवर?

"कसला वाटा, ताई? शिकार कधीच बंद झाली. फॉरेस्टवाले केस घालतात. आणि जायला गडी तरी कुठे राहिलेत? बाळाकाका गेला, बाकीचे पोरांकडे मुंबईला. आबा एकटेच असतात पडवीत. जेवतात की नाही, देव जाणे."

म्हणजे स्पीकरवरचं त्यांनी ऐकलं होतं. माझ्या संसारात अडचण नको म्हणून खोटं बोलले, आणि मी शहाणी त्यांना विमानात बसवून आले.

६ जून, बकरी ईद

दुपारी बेल वाजली. रहिमाबाजी. हातात कुर्बानीच्या मटणाच्या दोन पिशव्या. एक आमची. दुसरी — "बाबाजी की. नहीं हैं तो क्या हुआ, हिस्सा तो निकलता है ना."

फ्रीजरमध्ये ठेवली. धनंजयशी रात्री बोलेन, आधी आबांना फोन लावतेय — तुमचा वाटा काढलाय, न्यायला या.